सैल केलेल्या तारा

माझा डबल बेस, व्हायोलिनच्या घडणीचं पण माणसाहून उंच वाद्य, मासळीच्या टेम्पोतून आला. गोव्याला बांगडा उतरवून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोत गोधडीत गुंडाळलेलं ते धूड बघून आई म्हणाली, "वाद्य हाय की पावणा?" एका म्हाताऱ्या वादकानं ते मला स्वस्तात दिलं होतं, कारण ते प्लायवूडचं होतं. मला तेच हवं होतं. आमच्या खाऱ्या, दमट हवेत अस्सल लाकडाचं वाद्य कधी तडकेल याचा नेम नसतो.

बेस मी शिकलो क्रूझवर. नोकरी जेवण वाढायची. उरलेल्या वेळात बँडमधल्या बेसवाल्याच्या मागे लागायचो. या खेपेला सुट्टीवर आलो तो मनाशी ठरवूनच, की आता परत जायचं नाही. आरे-वाऱ्याच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलला दर आठवड्याला वाजवणारे हवे होते. माझा गिटारवाला मित्र आणि गाणारी त्याची बायको तयार होते, बेस माझ्याकडे. रविवारी संध्याकाळी वाजवून दाखवायचं होतं. जमलं तर मी घरी राहणार, नाही तर जहाजावर परत बोलावणारा एजंटचा निरोप येऊन पडलाच होता.

बाबा जन्मभर मासेमारीच्या होडीवर तांडेल, होडीचे प्रमुख. मिरकरवाड्याच्या जेटीवर त्यांचा शब्द चालायचा, आता गुडघ्यांनी त्यांना घरी बसवलंय. रोज जेवताना ते एकच विचारायचे, "कदी जायचाय?" जहाजाच्या पगारावर घराचा स्लॅब घातलेला. त्यांना मी नोकरी सोडून बंदराला लागलेला आवडणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

बेस वाजता करायला आठवडा गेला. तारा ज्या लाकडी घोडीवरून जातात ती फार उंच होती. तार दाबताना बोटं सोलून निघायची. रोज एकेक तार बाजूला करून तिच्याखाली घोडी थोडी घासायची, तार परत चढवायची, दाबून बघायचं. शनिवारी संध्याकाळी पहिल्यांदा चारही तारा पूर्ण ताणून सुरात लावल्या. वाजवलं तर खिडकीची काच थरथरली. मी खूश होतो.

रविवारी दुपारी बेस न्यायला टेम्पो सांगून परत आलो, तर बेस जमिनीवर आडवा. चारही तारा लोंबत होत्या आणि घोडी बाजूला कलंडलेली. उचलला तर आत काहीतरी गडगडलं.

बेसच्या पोटात एक काठी उभी असते. तिला ना गोंद, ना खिळा. तारांचा दाब घोडीवर, घोडीचा दाब तिच्याखालच्या लाकडी पाटीवर, आणि त्या दाबानं काठी जागेवर. म्हणून चारही तारा एकदम कधी सोडायच्या नसतात. काठी पडली की आवाज मेला.

"कोणी हात लावला?"

"मी सैल केल्या," बाबा खुर्चीतून म्हणाले.

"मी जहाजावर जावं म्हणून ना? तसं तोंडानं सांगायचं होतं."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच थांबली. मला भांडायला वेळ नव्हता, टेम्पो यायचा होता.

बेस उताणा ठेवला. वरच्या दोन लांबट खाचांतून हात जाईना. तारेच्या आकड्यानं काठी ओढून खाचेपाशी आणली, तिला मासे धरायच्या तंगुसाचे दोन फास घातले, एकेक टोक एकेका खाचेतून बाहेर काढलं. दोन्ही बाजूंनी ओढलं तर ती उभी राहणार होती. आकडा धरायलाच माझे दोन हात लागत होते.

बाबा कुरकुरत गुडघ्यांवर बसले. दोन्ही टोकं त्यांनी बोटांना गुंडाळली.

"ताणून धरा. सोडू नका."

काठी उभी राहिली, घसरली. परत उभी केली, परत घसरली. बाबांची बोटं तंगुसानं पांढरी पडली होती. तिसऱ्यांदा ती बारीक तारेखाली, घोडीच्या पायाच्या जरा मागे बसली. एका हातानं घोडी सावरत मी तारा हळूहळू आवळत गेलो.

"सोडा आता."

त्यांनी सोडलं नाही. तारांकडे बघत म्हणाले, "जेटीला होडीचा दोर कदी ताणून बांदत नाय. भरती आली की तुटतो, आनि होडी जाते. ह्या तर रातभर ताणलेल्या व्हत्या. वाटला, तुटली एकादी आज, तर तू जाशील."

त्यांच्या बोटांवरचा तंगूस मीच सोडवला. सगळ्यात जाड तार वाजवून बघितली. काच परत थरथरली. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

हॉटेलनं शनिवारची संध्याकाळ दिली. एजंटला मी नाही म्हणून कळवलं. पण सवय सुटत नाही, जेवताना बाबांनी विचारलंच, "कदी जायचाय?"

"शनिवारी."

"आनि परत?"

"रात्रीच."

"मग जेवायला थांबतो," ते म्हणाले आणि आईकडे भात मागितला.