कोणीतरी ठेवलेला डबा

माझ्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे आपाचे यजमान हैदराबादला नोकरीला होते. एका उन्हाळ्यात दोघं राजुऱ्याला आली, तेव्हा दुल्हेभाईंच्या खिशात मोबाइलसारखं दिसणारं एक यंत्र होतं. आपण नेमके कुठं उभे आहोत, हे ते सांगायचं.

अब्बांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "आपून राजुऱ्यात आहो, हे सांगाले मशीन लागते?"

पण पुढचं ऐकून तेही सावरून बसले. आपल्याच भागातल्या जंगलात कोणीतरी एक डबा लपवला होता आणि त्याचा ठिकाणा इंटरनेटवर टाकला होता. ज्याला वाटेल त्यानं तो शोधायचा, आतली एक वस्तू घ्यायची, बदल्यात दुसरी ठेवायची, चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि डबा होता तिथंच ठेवून यायचं. बक्षीस वगैरे काही नाही.

"मंग लोक काऊन शोधते?" अब्बांचा प्रश्न. मलाही तेच कळत नव्हतं, आणि म्हणूनच कधी एकदा निघतो असं झालं होतं.

सकाळी जीपनं एका गावापर्यंत गेलो, पुढं पायी. यंत्रातला बाण आम्हाला एका खडकाळ उतारावर घेऊन गेला आणि तिथं गोल गोल फिरायला लागला. त्याच्यामागं आम्हीही. दुल्हेभाई झुडपांत वाकून बघत होते, आपा दगड उचलत होती.

जवळच मोहाची फुलं वेचणारी एक गोंड बाई टोपली खाली ठेवून आमच्याकडं बघत उभी राहिली. अब्बा आठवडी बाजारांत बांगड्या विकायचे, त्यामुळं तिनं त्यांना ओळखलं.

"बांगडीवाले भाऊ, काई हरपलं का?"

"नाई बाई. डबा शोधून राह्यलो."

"कोनाचा?"

"माईत नाई."

"काय हाये त्यात?"

"तेई माईत नाई."

ती इतकी हसली, की तिला पदर तोंडाला लावावा लागला. मग सरळ चालत गेली आणि एका कपारीतून प्लास्टिकचा डबा काढून तिनं अब्बांच्या हातात दिला. लाकडं गोळा करताना तिला तो केव्हाच सापडला होता. आत एक खेळण्यातली मोटार, परदेशी नाणं, काचेची गोटी आणि ओल लागून शाई पसरलेली चिठ्ठी. तिच्या केसांत खोवलेली लाल फणीही त्या डब्यातलीच, हे तिनंच सांगितलं.

"घेतली तं चालते ना?"

दुल्हेभाईंनी खेळाचा नियम सांगितला, तो अब्बांनी तिच्या बोलीत समजावला. तिनं विचार केला आणि ओंजळभर मोहफुलं डब्यात टाकली. दुल्हेभाई घाबरून म्हणाले, "खाने की चीज नहीं, जानवर आएंगे."

"अस्वल येईल," ती लगेच म्हणाली आणि फुलं काढून घेतली.

आमच्याकडून काय ठेवायचं? बांगड्या घेतल्याशिवाय अब्बा कधी गावाला निघत नसत. त्यांनी पिशवीतून हिरव्या बांगड्यांचा जोड काढून डब्यात ठेवला. झाकण लावायच्या आत त्या बाईनं तो उचलला, हातात घातला, केसांतली फणी काढून डब्यात टाकली आणि अब्बांकडं पाहिलं. नियम पाळला होता.

अब्बा खदखदून हसले. आपानं गोटी घेतली, मी चिठ्ठीवर आमची नावं लिहिली. आधीची नावं वाचायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण एकही लागलं नाही.

"आनखी कुठी हायेत असे डबे?" बाईनं विचारलं.

दुल्हेभाईंनी यंत्र तिच्यासमोर धरलं. ती, अब्बा आणि मी, तिघंही त्या इवल्याशा पडद्यावर वाकलो.