वाकळीचं दाट काम

माझ्या थोरल्या नणंदेला आम्ही सगळे आक्का म्हणतो. सेलूत आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं राहतात आणि वाकळी शिवतात. गोधडीला आमच्याकडं वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यावर मुंगीच्या चालीनं जाणारा बारीक टाका. दोन टाक्यांत बोटाचं टोक मावलं, तर आक्का ती अख्खी ओळ उसवतात. मला साधं बटण लावायचं म्हटलं तरी घाम फुटतो, म्हणून त्यांच्या हाताचं मला फार कौतुक.

या वाकळी शहरातला एक दुकानदार घेऊन जायचा. आक्का कोपऱ्यात आपलं नाव लिहिलेली कापडी चिठ्ठी लावायच्या. तो ती कापून स्वतःच्या दुकानाची लावायचा. हे कळल्यावर आक्का एवढंच म्हणाल्या, "माझ्या वाकळीत निजणाऱ्या माणसाला मी मालूमच न्हाई."

मला संताप आला. आक्का गप्प बसतील, मी कशाला बसू? त्यांची वेबसाइट काढायचीच, असं ठरवलं. फोटो काढले, मजकूर लिहिला आणि पत्त्यापाशी अडले. पुढं नाव काय आणि त्यामागं डॉट कॉम की डॉट इन?

मी शाळेत मराठी शिकवते, पण नावं सुचली ती सगळी इंग्रजी. हेरिटेज अमुक, थ्रेड तमुक. आक्कांपुढं ऐटीत वाचून दाखवली.

"हे फोनवर एकदा सांगून समोरच्या बाईला कळंल का?" असं म्हणून त्यांनी तिथंच विहीणबाईंना फोन लावला आणि पहिलं नाव सांगितलं. पलीकडून "काऽय?" आलं. फोन ठेवून आक्का मला म्हणाल्या, "खोड." अशी माझी सात-आठ नावं खोडली गेली.

शेवटी नुसतं 'वाकळ' त्यांना पटलं. पण डॉट कॉममध्ये ते कुणीतरी आधीच घेतलेलं. डॉट इन मोकळं होतं.

"डॉट इन घेऊ. आपल्या देशाचंच आहे," मी म्हणाले.

"त्ये नगं. मगापासून दुसरं काय म्हणायलीस? दाट काम. त्येच घे."

"दाट काम नाही हो आक्का, डॉट कॉम."

"त्येच की. माझं काम दाटच हाय."

मी तीनदा उच्चार सुधारला आणि चौथ्यांदा हसत सुटले. आक्का हसत नव्हत्या. टाका घालता घालता म्हणाल्या, "मागचं राहू दे, म्होरचं बदल. वाकळ दाट काम, असं कुणी बोलतंय का? वाकळीचं दाट काम म्हण."

षष्ठी विभक्तीतलं नाव! माझ्यातली मास्तरीण तडफडली. प्रत्ययासकट कुणी दुकानाचं नाव ठेवतं का? डॉट कॉममध्ये 'वाकळीचं' शोधून पाहिलं, तर कुणीच ठेवलेलं नव्हतं. म्हणूनच ते मोकळं होतं. पुन्हा विहीणबाईंना फोन गेला. या वेळी त्यांनी जसंच्या तसं म्हणून दाखवलं. वर विचारलं, "कुणाच्या वाकळीचं?"

इतकी वर्षं मी पोरांना भाषा शिकवतेय, पण शब्द कानानं तपासावा हे मला सुई धरणाऱ्या बाईनं शिकवलं. मी मुकाट्यानं ते नाव घेतलं आणि पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत 'वाकळीचं दाट काम' लिहिलं.

आक्कांना इंग्रजी वाचता येत नाही. मी पत्ता खडूनं काढून दिला, तो त्यांनी नक्षी समजून कोपऱ्यात शिवला. चिठ्ठीवर नाही, थेट वाकळीत, सगळे थर धरून. मधलं टिंब म्हणजे एक गाठ. "आता काप म्हणावं," त्या म्हणाल्या. "वाकळच उसवंल."

पुढं चार-पाच महिन्यांनी मी त्यांच्याकडं बसले असताना फोन वाजला. कुणी अनोळखी बाई होती. त्या दुकानातून घेतलेल्या वाकळीच्या कोपऱ्यात तिला अक्षरं दिसली होती आणि ती मोबाइलमध्ये टाकून तिनं वेबसाइटवरून आक्कांचा नंबर शोधला होता.

"वाकळीचं दाट काम करणाऱ्या तुम्हीच का?"

बोलताना कधी न थांबणारी आक्कांची सुई थांबली.

"हां बाई, मीच," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "पाय झाकतेत नं?"