ऐकू न आलेली गळती

केजच्या बसस्टँडामागं संगमेश्वर मिस्त्रींचं गॅरेज तीस वर्षं चालू होतं. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, कुठलं बेअरिंग गेलंय, कुठला प्लग मारत नाही. पुढं कॉम्प्युटरवाल्या गाड्या आल्या तेव्हा त्यांनी स्कॅनर घेतला, तो वापरायलाही शिकले. तरी शेवटचा कौल कानाचाच असायचा.

गेल्या मार्चमध्ये धनश्री सिस्टर तिसऱ्यांदा गाडी घेऊन आली. आसपासच्या गावांत लसीकरणाला जाणारी ही नर्स, स्वतः गाडी चालवायची.

"मामा, इंजिनाचा दिवा परत लागलाय. उभी राहिली की थरथरती बी."

मिस्त्रींनी स्कॅनर जोडला. बिघाडाचा तोच कोड. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर सांगत होता की इंजिनात पेट्रोलाच्या मानानं हवा जास्त होतेय. पहिल्या खेपेला मिस्त्रींनी सेन्सरच बदलला होता, दुसऱ्या खेपेला इंजेक्टर साफ केले. दोन्ही वेळा दिवा विझला आणि आठवड्याभरात परत लागला.

"सेन्सर खरंच सांगत व्हता सिस्टर. म्या उगं त्यालाच बदलून बसलो," ते म्हणाले.

या वेळी त्यांनी घाई केली नाही. पेट्रोलचा दाब मोजला, तो बरोबर निघाला. मग स्कॅनरवरचे आकडे पाहिले. गाडी जागेवर चालू असताना कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत होता, रेस दिली की ती वाढ उतरत होती. म्हणजे कुठल्यातरी फटीतून जादा हवा शिरत होती. ती फट शोधायची रीत त्यांना पाठ होती. चालू इंजिनाच्या नळ्यांवर क्लीनरचा फवारा मारत जायचं. फटीपाशी तो आत ओढला जातो आणि इंजिनाचा सूर बदलतो.

ते अर्धा तास फवारत राहिले. सूर काही बदलला नाही. कमरेत उसण भरली, शर्ट पाठीला चिकटला. अशा गळत्या त्यांनी पाच मिनिटांत पकडल्या होत्या.

धनश्री गाडीतून उतरून शेजारी येऊन उभी राहिली. तिनं काहीतरी म्हटलं. मिस्त्रींनी वर पाहिलं तेव्हा तिनं परत विचारलं, "ह्यो सूं सूं आवाज कशाचा येतोय, मामा? सारखा हाय की."

"कुटं?"

"इथं, मागल्या अंगाला."

मिस्त्रींनी कान जवळ नेला. इंजिनाची जाड घरघर तेवढी होती, दुसरं काही नाही. तिनं दाखवलेल्या बाजूला एक वाकडी रबरी नळी होती. फवारा पोचला नव्हता त्या खालच्या अंगानं त्यांनी बोट फिरवलं, तर एका चिरेपाशी बोट आत ओढलं गेलं. त्यांनी ती चीर दाबून धरली.

"थांबला आवाज," धनश्री म्हणाली.

गाडीची थरथरही थांबली होती. मिस्त्री मात्र तसेच वाकून राहिले.

नवी नळी बसवली, कोड पुसला. हात पुसत असताना त्यांना वाटलं, कुणीतरी मागं आहे. वळून पाहिलं तर धनश्री दोन पावलांवर उभी.

"चारदा हाक मारली, मामा," ती हळू आवाजात म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं तेच जरा मोठ्यानं सांगितलं. "कान तपासून घ्या. लई दिवस झाले असतील."

झालेच होते. रोहिणीबाई आताशा तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून दोन वर्षं ते बायकोवर खेकसत होते. जुनं गिऱ्हाईक पंडित, त्याची जीप एकाच तक्रारीसाठी तीनदा परत आली होती. मग पंडितनं गॅरेज बदललं, तेव्हा हे म्हणाले होते, त्याला गाडी चालवायचीच अक्कल नाही.

अंबाजोगाईला तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, बारीक, उंच आवाज गेलेत, ते परत यायचे नाहीत. कानात ऐकायचं मशीन बसवून दिलं. मिस्त्री ते घालून गॅरेजात गेले, तर शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा हातोडा, हॉर्न, कंप्रेसर, सगळं एकदम डोक्यात घुसलं. त्यातून इंजिनाचा एखादा आवाज वेगळा काढता येईना. महिनाभर त्यांनी नेटानं घालून पाहिलं.

"माणसाचं बोलणं कळतंय न्हवं?" रोहिणीबाईंनी एकदा विचारलं.

"कळतंय."

"मग?"

"माणसं काय दुरुस्त करायची हायेत मला?" ते म्हणाले, आणि ताटावरून उठले.

आता ते ऑइल बदलतात, चाकं खोलतात, ब्रेकचं काम घेतात. इंजिनाची तक्रार घेऊन कुणी आलं तर बॉनेटला हातही लावत नाहीत, बीडला न्यायला सांगतात. कारण विचारलं तर म्हणतात, "आता जमत न्हाई." जुनी गिऱ्हाइकं दोन मिनिटं घुटमळतात, मग गाडी वळवतात. दुपारनंतर बहुतेक कामच नसतं. तरी मिस्त्री सहापर्यंत बाकड्यावर बसून असतात, रस्त्याकडे पाठ करून.