आरएनए कापला जातो, असं मगदूम सरांनी सांगितलं होतं

एक्क्याऐंशी सालच्या बी.एस्सी. बॅचवाल्यांनो, सेल बायॉलॉजीच्या पेपरात आपले मार्क मारले गेले, असं तुम्ही अजून प्रत्येक गेट-टुगेदरला म्हणता.

बरोबर आहे. मारले गेले.

पण त्याची शिक्षा कुणाला झाली, हे कुणी बोलत नाही.

मगदूम सर काल आजऱ्यात वारले.

आज सकाळी सुनंदाचा फोन आला. आपल्या वर्गातली, शाहूवाडीची सुनंदा. सरांच्या मुलीनं तिला विचारलंय, "बाबांना कॉलेजातनं का काढलं होतं? काहीतरी भानगड केली म्हणून काढलं, असं गावात म्हणायचे. बाबा कधीच बोलले नाहीत."

सुनंदा म्हणाली, "दिनकर, तूच लिही. भाषणं तुलाच येत्यात की."

टोमणा होता. कळला.

कालपासून बॅचच्या ग्रुपवर बघतोय. "देवमाणूस." "सर, तुम्ही आम्हाला घडवलंत." हात जोडलेले इमोजी, ओळीनं.

मला या हातांचा संशय येतो.

जे आपल्या वर्गात नव्हते, त्यांच्यासाठी सगळं सांगतो.

त्या काळी अभ्यास म्हणजे नोट्स. सीनियरची वही ज्युनियरकडे यायची. विभागप्रमुख वर्षानुवर्षं तेच डिक्टेट करायचे. ते कुठल्या ओळीला विनोद करणार, हेसुद्धा वहीच्या मार्जिनमध्ये लिहिलेलं असायचं.

त्या वहीत होतं: डीएनएवरून आरएनएची जशीच्या तशी नक्कल होते आणि त्या नकलेवरून प्रोटीन बनतं. विषय संपला.

मगदूम सर तरुण होते. दरवर्षी नव्यानं नेमणूक मिळणारे. एक दिवस वर्गात आले आणि म्हणाले, "वहीतलं ते पान खोडा."

खोडा? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं पान?

त्यांनी खिशातून दोन नाड्या काढल्या. एक लांब, पांढरी. एक आखूड, लाल.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पायजमा कुणाचा सोडवून आणलासा?"

"माझाच. म्हणून तर आज पँट घालून आलोय. बस खाली."

दोन्हींवर शाईच्या खुणा होत्या. लाल नाडीवरची प्रत्येक खूण त्यांनी पांढरीवरच्या तशाच खुणेला जुळवली आणि फळ्यावर टाचणी मारली. खुणा जुळल्या. पण मध्येमध्ये पांढरी नाडी उरली आणि वेटोळी होऊन बाहेर आली.

"पांढरी म्हणजे डीएनए. लाल म्हणजे पेशी शेवटी वापरते तो आरएनए. ही वेटोळी लाल नाडीत न्हाईत. मग गेली कुठं?"

मग सरांनीच पुढं सांगितलं.

"आधी नक्कल सगळ्याचीच होते. मग पेशी त्या नकलेतले मधले तुकडे कापून टाकते, राहिलेले टोकाला टोक जोडते आणि तेवढंच केंद्रकाबाहेर पाठवते. तुमच्या वहीत आहे ते बॅक्टेरियाचं. तुमच्या-माझ्या पेशीत हे असं चालतं."

सुनंदानं विचारलं, "कापायचंच हाय, तर मग आधी लिहून ठेवलंय कशाला?"

सर म्हणाले, "माहीत नाही. अजून कुणालाच नीट माहीत नाही."

आमचा संशय तिथं सुरू झाला.

मास्तर, आणि माहीत नाही? पुस्तकात नाही, वहीत नाही, आणि ह्यांना म्हणे एका परदेशी मासिकात सापडलं. ते मासिक विद्यापीठाच्या लायब्ररीत कित्येक महिने उशिरा यायचं.

"सर राजारामपुरीत क्लास काढणार हाईत. पोरं तिकडं यावीत म्हणून मुद्दाम गोंधळ घालाय लागल्यात." ही बातमी कुठून आली, मी विचारलं नाही. पसरवली मात्र मीच. सरांनी क्लास कधीच काढला नाही.

पेपरात नेमका तोच प्रश्न आला. निम्म्या वर्गानं सरांचं उत्तर लिहिलं. तपासणाऱ्यानं नेमलेलं पुस्तक प्रमाण मानलं आणि काट मारली. मी जुन्या नोट्स उतरवल्या होत्या. माझे मार्क शाबूत.

तरी कॉलेजच्या पायऱ्यांवर उभा राहून गरजलो मीच. "जे सरांनाच माहीत नाही, ते आम्हाला शिकवायचा अधिकार त्यांना कुणी दिला?"

टाळ्या पडल्या. त्या मला फार गोड लागल्या.

सुनंदाचा फर्स्ट क्लास गेला होता. ती खालून म्हणाली, "मार्क माझं गेल्यात, तुझं न्हाय. तू का वरडाय लागलाईस?"

मी खिशातून कागद काढला. अर्ज होता: मगदूम सरांना पुन्हा नेमू नये.

आणि तो अर्ज मला आयता मिळाला होता, टाइप केलेला, विभागप्रमुखांच्या केबिनबाहेरच्या बाकावर. आपल्यापैकी कुणाच्या घरी टाइपरायटर होता? सर खरे ठरले असते तर कुणाच्या नोट्स रद्दीत गेल्या असत्या? आज सिद्ध काहीच करता येणार नाही. पण सगळ्या जगावर संशय घेणारा मी, त्या कागदावर मला संशय आला नाही.

सुनंदा सोडून सगळ्यांनी सही केली.

जूनमध्ये सरांची नेमणूक झाली नाही.

ते आजऱ्याला हायस्कूलवर गेले. जगात काय नवं सापडलंय ते शोधत लायब्ररीत बसणारा माणूस, निवृत्त होईपर्यंत आठवीला कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत राहिला.

काही वर्षांनी नेमलेल्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली. उघडली, तर तीच वेटोळी. छापील.

एकदा आजऱ्यात माझं भाषण होतं. संपल्यावर सर पुढं आले. "बोललास झ्याक. खरं, आता तरी वाचून बोलतोस न्हवं?"

मी हसलो. माफी मागितली नाही. चार माणसं बघत होती.

सर, तुम्ही खरं शिकवलंत आणि आम्ही तुमची नोकरी घालवली. तुम्ही कसलीही भानगड केली नव्हती. शांतपणे जा.

मित्रांनो, श्रद्धांजली लिहू नका. सरांची मुलगी ही पोस्ट वाचणार आहे. ज्यांनी त्या अर्जावर सही केली, त्यांनी खाली आपलं नाव आणि रोल नंबर लिहा. पुढे एवढंच लिहा: मी सही केली होती.

सुरुवात मी करतो.

दिनकर, रोल नंबर सतरा. मी सही केली होती. तुमच्या सह्याही मीच गोळा केल्या होत्या.