एसटीडी बूथ आणि अंगावरचं दूध

एसटीडी बूथवाल्याच्या बायकोला किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. काचेचं दार ओढून घेतलं की आपला आवाज बाहेर जात नाही, असं प्रत्येकाला वाटतं. जातो! सगळा जातो! वडवणीतली निम्मी लग्नं आणि जवळपास सगळी भांडणं मी पडद्यामागं भाकरी थापता थापता ऐकलीत. पण मैत्रिणी जमल्या की फर्माईश एकच, "तुझ्या पोरीचं सांग!" कारण त्या पंधरा दिवसांत किस्से आमचे होते आणि ऐकणारी होती बाहेरची लाईन.

नवीनच बूथ टाकला होता, पिवळ्या पाटीचा, आणि आम्हाला पहिली मुलगी झाली. पोरगी काही छातीला लागेना. तोंड लावायची, दोनदा ओढायची, सोडायची आणि टाहो फोडायची. मला भेगा पडलेल्या, म्हणून मी पण टाहो! आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, तर जन्मापेक्षा कमी. "वरचं दूध बंद करा, दर दोन तासांनी अंगावर पाजा," त्या म्हणाल्या. "सोमवारी परत आणा. वाढलं नाही तर डब्याची पावडर. आणि पोरगी सुस्त वाटली तर सोमवारचीही वाट बघू नका, थेट बीडला न्या."

मी लई घाबरले होते. पोरगी हातातून जाते की काय, असंच वाटायचं.

*

तसं दवाखान्यात सगळं होतं. सलाइन होतं, टाके घालायचा दोरा होता, बाहेर बसणाऱ्यांना कलर टीव्ही होता. पाजायचं कसं, हे दाखवणारं तेवढं कुणी नव्हतं. डॉक्टरीणबाईंना विचारलं की त्या म्हणायच्या, "पाजा की!" आणि पुढच्या खाटेकडं. त्यांचंही खरंच होतं, एकट्या बाईनं किती बघायचं?

मग मी सिस्टरला धरलं. ती म्हणाली, "त्यात काय शिकायचं? म्हशीला कुणी शिकवतं का?"

दुखून दुखून माझं डोकं फिरलेलं. म्हणलं, "म्हशीला सासू नसती, सिस्टर!"

आजूबाजूच्या बाळंतिणी टाके दाबून धरून हसल्या. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

*

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. बाई वाईट नव्हती, पण पहिल्या तीन दिवसांचा माझा पिवळा चीक तिनं पिळून टाकायला लावला. "जड असतो, लेकराला पचत न्हाई." पोरीला आपलं गुळाचं पाणी!

त्याच आठवड्यात घरमालकाची म्हैस व्याली. तिचाही चीकच की! तो मात्र तांब्या भरून आमच्याकडं आला. आत्याबाईंनी वेलदोडे घालून खरवस केला आणि वाटी माझ्यापुढं धरली, "खा, लई पौष्टिक हाय."

मी वाटीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं. "आत्याबाई, म्हशीचा पौष्टिक, अन् माझा कावून जड?"

उत्तर दिलं आमच्या ह्यांनी, तोंडात खरवस कोंबून, "यात वेलदोडा हाय ना!"

वाटी फेकून मारणार होते, पण खरवस खरंच चांगला झाला होता.

*

घरमालक म्हणजे मन्मथअप्पा. ते वरच्या मजल्यावर राहायचे आणि आमचं रोजचं दूध त्यांच्याकडूनच यायचं. आत्याबाई तेच दूध चमच्यानं पोरीला पाजायच्या, म्हणून तर डॉक्टरीणबाईंनी वरचं दूध बंद करायला सांगितलं होतं.

आमचे हे आज्ञाधारक. दवाखान्यातून आल्या आल्या अंगणातूनच आवाज दिला, "आई, आजपास्नं वरचं दूध बंद! डॉक्टर म्हणल्या, लेकराला बाधतंय!"

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. मन्मथअप्पा बनियनवरच खाली आले. तोंड लालबुंद. "दिगंबरराव, आमी पाणी घालतो म्हणून कुनी सांगितलं तुमाला?"

कुणीच सांगितलं नव्हतं हो! पण दुसऱ्या दिवसापासून दुधावर बोटभर साय यायला लागली.

*

माझी नणंद पुण्याला. तिनं फोनवर सांगितलं, "वहिनी, इथं एक बाई आहेत. घरी येऊन पाजायला शिकवतात. फी घेतात."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला, "पाजायची फी? अगं, देवानं फुकट दिलेली गोष्ट!" फीचा आकडा ऐकून तर हे खालीच बसले. वर पुण्याहून वडवणीला यायचं-जायचं भाडं! शेवटी नणंदेनं हातापाया पडून त्या बाईंना तयार केलं, की फोनवर सांगा. त्या म्हणाल्या, "फोनवर सांगायचे पैसे घेत नाही. उद्या अकराला करा."

आता अकरा म्हणजे फुल रेट, आणि वर बाजाराचा दिवस. फोन बूथमध्ये, मी पडद्यामागच्या खोलीत. वायर काही तिथवर पोचेना आणि माझे दोन्ही हात पोरीत. मग हे फोनवर ऐकणार आणि मला ओरडून सांगणार, असं ठरलं.

"लेकराचं पोट आपल्या पोटाला चिकटवा!" हे ओरडले.

लाईनीतून कुणीतरी विचारलं, "चिकटवलं का?"

"चिकटवलं!" मी आतून.

"हनुवटी वर!"

"कुनाची? आईची का लेकराची?" हा लाईनीतला दुसरा.

ह्यांनी फोनवर विचारलं, "म्याडम, कुनाची?" तिकडं पुण्याच्या बाईंना हसू आवरेना आणि इकडं मीटरचे लाल आकडे पळतायत! मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. एक म्हातारे पागोटेवाले आजोबा नंबर येऊनही पुढं सरकेनात. म्हणाले, "मला चकलांब्याला लग्नाची तारीख कळवायचीय. पर लगीन काय पळून चाललंय का? आधी लेकरू लागू द्या!"

पण लेकरू काही लागेना.

*

त्याच लाईनीत कौशल्याबाई होत्या. वडवणीच्या जवळच्याच वस्तीवरच्या, मजुरी करणाऱ्या. दर बाजाराला पुण्यातल्या पोराला फोन करायला यायच्या. त्यांना काही बघवेना. पिशवी तिथंच ठेवली, पडदा सारला आणि आधी विचारलं, "साबण कुठं हाय?"

हात धुतले, माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "भाकरी कशी खातीस? नखाएवढा तुकडा व्हटाला लावून चोखतीस का?"

"न्हाई. घास घेते."

"मग लेकराला बी घास दे की! तू नुसतं टोक देतीस. म्हणून तिचं पोट भरंना अन् तुला भेगा!"

पोरीनं तोंड मोठं उघडेपर्यंत त्या थांबल्या, आणि उघडलं तसं तिला पाठीवरून अलगद माझ्याकडं दाबलं. झालं! पोरगी लागली. दुखलं नाही. गट् गट् आवाज यायला लागला. मी आयुष्यात एवढा गोड आवाज ऐकलेला नाही, शप्पथ! ढसाढसा रडले.

बाहेर सगळ्या लाईनीनं पडद्याकडं कान टवकारले. ह्यांनी फोनमध्ये सांगितलं, "म्याडम, लागली! लाईनीतल्या एका बाईनं लावली!" आणि पुण्याच्या बाई म्हणाल्या, "ज्यांनी लावली त्यांना सोडू नका."

नाहीच सोडलं. सोमवारपर्यंत त्या रोज येऊन बघून जायच्या. मी लुगडं देऊ केलं, तर म्हणाल्या, "लुगडं ऱ्हाऊ दे. पोराशी दोन मिनिटं जास्त बोलू दे."

*

सोमवारी वजन झालं. मी डोळे मिटूनच उभी होते. डॉक्टरीणबाईंनी काटा दोनदा बघितला. "अहो, चांगलं वाढलंय! डबा नको, बीड नको. कुणाला दाखवलंत?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "त्या येतील का माझ्या बायांना दाखवायला? फोन नंबर द्या त्यांचा."

म्हणलं, "बाई, फोन असता तर त्या आमच्या लाईनीत कशाला उभ्या राहिल्या असत्या?"

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी आमच्या बाकड्यावर बाळंतिणी बसायला लागल्या. डॉक्टरीणबाई स्वतःच्या लेटरहेडवर, डॉक्टरी अक्षरात लिहून द्यायच्या, 'कौशल्याबाई, बाजाराच्या दिवशी, सकाळी अकरा.' बाकी काही नाही, खाली सही. पैसेही डॉक्टरीणबाईंनीच स्वतःहून ठरवले आणि कौशल्याबाईंना द्यायला लागल्या.

अशीच एक नवखी बाळंतीण चिठ्ठी घेऊन निघाली आणि सवयीनं आधी मेडिकलमध्ये शिरली. दुकानदारानं चिठ्ठी उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली, फळ्या धुंडाळल्या. मग म्हणाला, "ही कंपनी आमच्याकडं येत न्हाई, ताई. दुसरं देऊ का? गुण तोच हाय."

बाळंतीण ठाम, "दुसरं नगं. पल्याडच्या खाटंवरचीला ह्याच्यानंच फरक पडलाय!"