फ्लशच्या टाकीतलं रबर

खुब्याचं हाड मोडल्यापासून मला उकिडवं बसता येत नाही. डॉक्टरांनी आत स्टीलचा गोळा बसवलाय आणि खाली बसायचं नाही, वाकायचं नाही असं बजावलंय. जिचा जन्म भाताच्या खाचरात वाकून गेला तिला हे सांगणं सोपं असतं, सांगणाऱ्याला.

ऑपरेशननंतर मी पुण्यात मुलाकडं राहिले, चौथ्या मजल्यावर. तिथं वाईट काही नव्हतं. काहीच नव्हतं. गॅलरीतून दारापर्यंत जायचं, दारातून परत गॅलरीत. सून म्हणायची, "आई, बसा की जरा." बसून करायचं काय? शेवटी मुलगा कंटाळला. गावाकडं विंझरच्या घरात गोठ्याच्या जागी त्यानं कमोड बसवून दिला आणि अट घातली. एकटीचं सगळं जमलं तर तिथं राहायचं. नाही जमलं तर घराला कुलूप, आणि मी परत चौथ्या मजल्यावर.

म्हणून मी संडासाबद्दल लिहितेय. त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझं घर त्याच्यावर टिकून होतं.

माझ्या भिंतीला भिंत लावून धाकट्या जावेचं घर आहे. दोघींचे नवरे गेले, दोघींची पोरं पुण्याला. चूल वेगळी, पण गच्चीवरची पाण्याची टाकी दोघींत एक. उन्हाळ्यात गावच्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं. ते टाकीत चढवायचं आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायचं.

कमोडच्या मागं भिंतीवर पांढरी फ्लशची टाकी लावलेली. दांडी दाबली की सगळी टाकी एकदम रिकामी होते हे बघून जावेनं कपाळाला हात लावला. "आक्का, येवढ्या पान्यात माजी समदी भांडी निघत्यात!" मलाही ते पटलं. तिनं खाली वाकून फ्लशच्या टाकीचा कॉक बंद केला आणि मी बादलीनं पाणी ओतायला लागले. पाहुणे आले की कॉक उघडू, असं ठरलं. आमच्याकडं चांगली वस्तू पाहुण्यांसाठीच असते. काचेचे पेले कपाटात, नवी चादर ट्रंकेत, तसा हा फ्लश. वर्ष गेलं. कमोडवर बसणारा पाहुणा काही आला नाही. टाकी कोरडी ठाक राहिली.

यंदा चैत्रात पायात कळ यायला लागली. डॉक्टर म्हणाले, भरली बादली उचलायची नाही. मग जावेनं कॉक उघडला. टाकी भरली, मी दांडी दाबली, पाणी धाडकन खाली आलं आणि सगळं वाहून गेलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण नंतर आवाज थांबेना. कमोडच्या आतल्या भिंतीवरून दोऱ्याएवढी धार चाललेली. दांडी हलवली, पुन्हा दाबली, धार चालूच. मी बाहेर येऊन भाकरी खायला बसले तर तिथंही तेच ऐकू यायला लागलं. पाण्याचा आवाज आला की मला बसवत नाही. पावसाळ्यात खाचरातून असा आवाज आला की ताट सरकवून उठायचं आणि बांध कुठं फुटलाय ते बघायचं, एवढंच मी आयुष्यभर केलंय. चालतं पाणी म्हणजे कुणाचं तरी नुकसान. मी भाकरी टोपलीत ठेवली आणि परत आत जाऊन उभी राहिले. उभी राहून काही होणार नव्हतं. तरी राहिले.

सकाळी जाऊ रिकामी कळशी घेऊन दारात.

"आक्का, गुंजवणी नदीला पानी कमी पडलं व्हतं काय? गच्चीवरची समदी टाकी सोडून दिली!"

"म्या कशाला सोडू? ती टाकीच मुततीय."

"टाकी तुमची मुतती, तोंड माजं धुयाचं राहतं."

"मग कॉक बंद कर. माझ्याच्यानं वाकवत न्हाई."

तिनं बंद केला. पण फ्लशला पाणी हवं म्हणजे तो उघडायचा, टाकी भरली की पुन्हा बंद करायचा, आणि हे दर वेळी. एक दिवस तिनं केलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मी काय तुमच्या संडासाची वाचमन हाय? तुमास्नी लागली की मी पळायचं?" तिचं चूक नव्हतं. तिनं तिच्या मुलाला फोन केला, त्यानं माझ्या मुलाला सांगितलं, आणि दुपारी माझा मोबाईल वाजला.

"आई, रविवारी टेम्पो घेऊन येतो. सामान बांधून ठेव."

"टाकी गळती म्हणून घर सोडायचं?"

"टाकीचं नाही गं. आज टाकी, उद्या तू."

"मी न्हाई गळत. प्लंबरला सांग."

"सांगितलं. तो धरणाकडच्या बंगल्यांच्या कामात आहे, पुढच्या आठवड्याआधी येत नाही."

म्हणजे प्लंबर येईपर्यंत मी पुण्यात. सामान बांधायला मी काही घेतलं नाही. ओटीवर गेले, परसात गेले, परत ओटीवर आले. तिसऱ्या फेरीला संडासात शिरले आणि फ्लशच्या टाकीचं वरचं झाकण काढलं. टाकी छातीएवढ्या उंचीवर आहे, वाकायचं कारण नव्हतं. हे आधी सुचलं नाही. टाकीला झाकण असतं आणि ते निघतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

जावेला हाक मारून कॉक उघडायला लावला आणि दोघी आत बघत उभ्या राहिलो. एका बाजूनं पाणी येत होतं. तिथं एक दांडी आणि दांडीच्या टोकाला प्लास्टिकचा पोकळ गोळा. पाणी चढलं तसा गोळा चढला आणि दांडीनं पाणी यायचं तोंड बंद केलं.

"भोपळा हाय की ह्यो," जाऊ म्हणाली. लहानपणी नदीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधायचे, त्याच कामाचा. एवढं कळलं.

मधे एक उभी नळी, वरून उघडी. पाणी तिच्या तोंडाच्या खालीच थांबलं होतं. गोळा बिघडला आणि पाणी चढतच राहिलं तर ते नळीत पडून कमोडमध्ये जावं, जमिनीवर सांडू नये, म्हणून ती ठेवलेली. म्हणजे नळीतून गळत नव्हतं. आणि तळाला एक मोठं भोक, त्यावर वाटीएवढं रबरी झाकण. झाकणाला साखळी, साखळी बाहेरच्या दांडीला. दांडी दाबली की साखळी झाकण उचलते आणि सगळं पाणी भोकातून कमोडमध्ये.

खाचराच्या बांधाला पाणी सोडायची मोरी असते तसंच हे. मोरीच्या तोंडाला दगड आणि चिखल लावला की मागचं पाणीच त्याला दाबून धरतं. इथंही झाकणाला ना कडी, ना खिळा. वर साठलेलं पाणीच त्याला दाबून बसलेलं. पाणी जेवढं जास्त तेवढं झाकण घट्ट. मग गळावं कुठून?

खात्री करायला मी कपड्यांची नीळ आणली आणि चिमूटभर टाकीत टाकली. दांडीला हात लावला नाही. बघत राहिलो. थोड्या वेळानं कमोडमध्ये निळी रेघ उतरली. झाकणाखालूनच येत होती. आता एका रात्रीत गच्चीवरची टाकी का रिकामी झाली तेही कळलं. झाकणाखालून थोडं पाणी जातं, गोळा थोडा खाली येतो, वरून तेवढं पाणी आत येतं, पुन्हा जातं. छोट्या टाकीतून मोठी टाकी वाहून जाते.

मोरी म्हटल्यावर मी मोरीचाच उपाय केला. जुन्या लुगड्याची चिंधी पिळून झाकणाच्या कडेनं बोटानं ठासून भरली. धार थांबली. मी जावेकडं बघितलं. ती म्हणाली, "आता दाबा की." दाबलं. झाकण चिंधीसकट अर्धं उचललं गेलं, तिरकं झालं आणि तसंच राहिलं. आता धार नव्हे, ओढा.

"आक्का, मगाशी बरं व्हतं," जाऊ म्हणाली आणि कॉक बंद करायला खाली वाकली.

मला राग आला, पण चूक कळली. मोरी माणूस उघडतो आणि माणूसच बुजवतो. हे झाकण एकदा उचललं की आपणहून परत बसायला हवं. चिंधी ओढून काढली आणि जावेला कॉक उघडायला लावून परत एकदा नीट बघितलं. उचललेलं झाकण लगेच खाली पडत नाही. ते पालथ्या वाटीसारखं पोकळ आहे, पोटात हवा असते म्हणून पाण्यावर तरंगत राहतं. म्हणून तर दांडी सोडली तरी सगळं पाणी जातं. पाणी तळाला गेलं की तरंगायला काही उरत नाही, झाकण भोकावर येऊन बसतं, आणि वर नवीन पाणी साठून त्याला दाबतं. सगळी अक्कल त्या हवेत आणि त्या कडेत.

कडेवरून बोट फिरवलं. ती वाळून कडक झाली होती, एका बाजूला उलटली होती. जावेनं कॉक बंद केला. मी झाकण दोन्हीकडच्या खुंट्यांतून सोडवलं, साखळी काढली, आणि फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकलं.

"नसरापूरला चल," मी जावेला म्हणाले.

"आता? एष्टीची पायरी केवढी उंच असती, पडाल!"

"पडले तर रविवारी न्यायला सोपं."

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा, हे मला दवाखान्यात शिकवलंय. मागून जावेनं रेटा दिला. कंडक्टर म्हणाला, "आज्जी, सावकाश." मी म्हटलं, "सावकाशच चाललीय, तू घंटी मारू नको म्हंजी झालं." हाड मोडल्यापासून मी एसटीत चढले नव्हते. खिडकीशी बसले, पण सारखं पिशवीत हात घालून ते रबर आहे ना बघत होते.

नसरापूरच्या दुकानात नळांचं सामान भिंतभर टांगलेलं. दुकानदारानं विचारलं, "आजी, टाकी कुठल्या कंपनीची?"

"म्या काय कंपनीत व्हते? ह्येच्यासारखं दे." रबर काउंटरवर ठेवलं.

त्यानं हात मागं घेतला. "धुतलंय ना?"

"वरच्या टाकीतलं हाय. खालचं न्हाई."

जाऊ हसत सुटली. त्यानं मग ते उचललं, कड वाकवून बघितली. "टाकी कोरडी ठेवली होती का? हे रबर पाण्यात बुडलेलं असलं की मऊ राहतं. कोरडं ठेवलं तर असं होतं."

"वरीसभर पानी वाचवलं आमी," जाऊ म्हणाली.

"आणि एका राती घालवलं," मी म्हटलं. दुकानदारानं जुन्यावर नवं ठेवून माप बघितलं आणि दिलं.

घरी येऊन आधी भोकाची कड नारळाच्या शेंडीनं घासली, तिथं पांढरा थर बसला होता. नवं झाकण खुंट्यांत अडकवलं. साखळी लावली तर ती इतकी ताठ झाली की झाकण जरा उचललेलंच राहिलं. एक कडी सैल केली. आता बसलं. जावेनं कॉक उघडला, टाकी भरली, मी पुन्हा नीळ टाकली. कमोडमधलं पाणी पांढरं राहिलं. तरी मला स्वस्थता नव्हती. स्वयंपाक सोडून दोनदा बघून आले.

रविवारी टेम्पो आला. मुलगा दोर घेऊन आत आला आणि मोकळी ट्रंक बघून म्हणाला, "काहीच बांधलं नाहीस?"

"आधी दाबून बघ."

त्यानं दाबलं. पाणी गेलं, टाकी भरली, आवाज बारीक होत होत थांबला. तो कान देऊन उभा राहिला. मी दारात उभी. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मुलानं वरचं झाकण उचललं, मी चिमूटभर नीळ टाकली. त्यानं आत निळं पाणी बघितलं, मग थोडं थांबून कमोडमध्ये बघितलं.

"हे कुणी केलं?"

"आमी. नसरापूरला जाऊन आलो."

"एसटीनं? आई, पडली असतीस तर?"

"पुण्यातल्या फरशीला काय कापूस लावलाय?"

जाऊ दारातून म्हणाली, "मी हाय की. हाक मारली तर येतेच. कॉक बंद कराया तेवढं नका बलवू."

तो बराच वेळ दोर हातावर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू." टेम्पो मोकळाच परत गेला.

दिवाळीपर्यंत म्हणजे काय ते मला कळतं. ते रबरही कधीतरी वाळणार, मीही. पण आता टाकी कोरडी राहत नाही, आणि चार-आठ दिवसांनी सकाळी मी वरचं झाकण काढून चिमूटभर नीळ टाकते आणि उभी राहून खाली बघते. कमोडमधलं पाणी पांढरं राहिलं की चूल पेटवायला जाते.