कॅबिनेटसोबत फुकट मिळालेला डबा

माझ्या मामाशी भांडणं मला कधी जमलं नाही. मी भांडायला कमी होते असं नाही, तोच भांडायचा नाही. शहरातल्या कांचघर भागात त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेले पंखे, कुलरच्या मोटरी, पाण्याचे पंप त्याच्याकडे यायचे. आतली काळी पडलेली तार उपसून तो नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायचा. तीस वर्षांत त्याने बांधलेली एकही मोटर परत आली नव्हती. हे तो स्वतःच्या तोंडाने कधी सांगायचा नाही, पण दुसऱ्या कोणी सांगितलं की लगेच चष्मा काढून पुसायला लागायचा. बढाई म्हणाल तर एवढीच.

मी त्याच्या अगदी उलट. राग नाकाच्या शेंड्यावर आणि जिभेला हाड नाही. आई म्हणायची, "या पोरीच्या भाजीत तिखट कमी पडते, बोलण्यात नाही."

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा माझ्या डोक्यात गेमिंग कॉम्प्युटरचं भूत शिरलं. तयार घ्यायचा नव्हता. एकेक भाग स्वतः निवडून, स्वतःच्या हाताने जोडायचा होता. वर्गातल्या दोघातिघांनी तसे जोडले होते आणि त्याबद्दल ते असे बोलायचे, जसा काही भेडाघाटचा धबधबाच यांनी बांधला! मी काही विचारलं की म्हणायचे, "अरे दीदी, आप तो बना-बनाया ले लो." दीदी! माझ्याच वयाचे ठोंबे. त्याच दिवशी ठरवलं, जोडीन तर मीच जोडीन आणि यांच्या नाकावर टिच्चून जोडीन.

ट्यूशन घेऊन जमवलेले पैसे होते, परवानगी तेवढी बाबांची हवी होती. बाबा सरकारी दफ्तरात, शिवाय विजय नगरातल्या आमच्या सोसायटीचे सचिव. अट घातल्याशिवाय त्यांनी कशालाही होकार दिल्याचं मला आठवत नाही. मला पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं होतं, त्यांना मला बँकेच्या परीक्षेला बसवायचं होतं. म्हणाले, "चलो, ठीक आहे. जोड. चाललं तर पुढे काय शिकायचं ते तू ठरव, मी मधे बोलणार नाही. बंद पडलं तर तो खोका कपाटावर जाईल आणि तू बँकेच्या क्लासला. मंजूर?"

मी "मंजूर" म्हणाले. चहात साखर हवी का असं विचारल्यावर म्हणावं इतक्या सहज म्हणाले.

पुढचे दोन महिने वहीच्या मागच्या पानांवर नुसत्या याद्या. प्रोसेसर कोणता, त्याला मदरबोर्ड कोणता बसेल, त्या बोर्डावर रॅम कोणती चालेल. एक बदललं की बाकीचं सगळं बदलायचं, पुन्हा पहिल्यापासून. प्रोसेसरवर मी मन मारलं, हार्ड डिस्कवर मारलं, पण माझा जीव अडकला होता ग्राफिक कार्डात. पडद्यावरची चित्रं पळवतं ते हे कार्ड. मला जे हवं होतं ते दोन पंख्यांचं होतं, वीतभर लांब, आणि त्याचा फोटो मी इतक्यांदा पाहिला होता की लग्नाच्या स्थळाचाही कोणी पाहत नसेल.

यादी घेऊन मामाकडे गेले, बाबांची अटही सांगितली. सल्ला मागायला नव्हे हं, सामान आणायला सोबत कोणीतरी हवं होतं म्हणून. कॉम्प्युटरचं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तरी त्याने यादी दोनदा वाचली आणि विचारलं, "यातलं गरम कोण होते?"

"प्रोसेसर. आणि सगळ्यात जास्त हे कार्ड."

"अन् यायले जेवू कोण घालते?"

मी सांगितलं, एसएमपीएस. म्हणजे घरातली वीज घेऊन आतल्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या मापाने वाटून देणारा पत्र्याचा डबा.

"तो कोणता घेऊन राहिली?"

"तो कॅबिनेटसोबत, म्हणजे बाहेरच्या खोक्यासोबत, फुकट येतो."

"अच्छा," मामा म्हणाला आणि यादी घडी करून परत दिली.

दिवाळीच्या आधी आम्ही कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याकडे पाहीचना. मामाला म्हणाला, "भैया, बिटिया को पढ़ाई के लिए चाहिए न? ये तैयार सेट ले जाइए." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा शांतपणे म्हणाला, "मालकिन ये हैं. मैं तो थैला उठाने आया हूँ." आणि खरोखर दोन पावलं मागे सरकून, कापडी पिशवी हातात धरून उभा राहिला. त्यानंतर तो दुकानदार प्रत्येक वाक्य माझ्याशी बोलला. मी प्रोसेसरचा नंबर सांगितला, बोर्डावर रॅमच्या किती पट्ट्या बसतात ते विचारलं, कार्डाची लांबी कॅबिनेटात मावते की नाही ते टेप लावून मोजायला लावलं. ज्याच्या हाताखालून अर्ध्या शहराच्या मोटरी गेल्या, तो माणूस माझा हमाल म्हणून उभा होता आणि त्याला त्याचं काही म्हणता काही वाटत नव्हतं. आज आठवलं की ऊर भरून येतो. तेव्हा मात्र मी हवेत होते.

शेवटी एसएमपीएसची वेळ आली. मामाने दुकानदाराकडून दुसरा एक डबा मागून घेतला आणि मला म्हणाला, "डोळे मीट. हात पुढे कर." एका हातात कॅबिनेटसोबतचा फुकटचा डबा ठेवला, दुसऱ्या हातात हा. दुसरा चांगलाच जड होता.

"दोघांवर वॅटचा आकडा एकच लिहून आहे," मामा म्हणाला. "पण वजन पाहा. हलका आहे म्हणजे आत माल कमी. तार बारीक. जोवर बसून आहे तोवर काही नाही होत, पळायले लागला की जळते."

जड डबा घ्यायचा तर त्याच्या पैशांपायी कार्ड एक पायरी खालचं घ्यावं लागणार होतं. एका पंख्याचं. म्हणजे मी दोन महिने ज्याचा फोटो पाहिला ते नाही, त्याचा धाकटा भाऊ. माझं डोकंच फिरलं. दुकानात, चार लोकांसमोर मी म्हटलं, "मामा, हा कुलर नाही. जिथे तिथे तुझी तार नको गुंडाळत जाऊ. फुकट ते पौष्टिक!" दुकानदार हसला. मीही हसले. देवा, त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मामाने जड डबा उचलून जागच्या जागी ठेवला. "मशीन तुझी, निवड तुझी," म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. परतताना स्कूटरवर माझं ते कार्ड खड्ड्यात आदळू नये म्हणून तो सारा रस्ता दहाच्या वेगाने आला.

जोडणी मी एकटीने केली. प्रोसेसर बसवला, एकेक पेच दोनदा आवळला. दोन दिवस लागले. पहिल्यांदा चालू करायचं ते भाऊबीजेला, असं आईने ठरवून टाकलं, कारण त्या दिवशी मामा ओवाळून घ्यायला आमच्याकडे येतो. तिने मामाला पाटावर बसवून ओवाळलं, आणि त्याच ताम्हनातलं कुंकू नेऊन माझ्या कॅबिनेटलाही लावलं. "तोही दिवाळीतच आला न घरात," म्हणाली.

मी बटण दाबलं. निळे दिवे लागले, पंखे फिरले, पडदा उजळला. बाबांच्या तोंडून "वा!" निघालं. खरंच निघालं, मी ऐकलं. त्या एका "वा"ने मी इतकी फुगले की लगेच गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. गाडी सुटली. दोन वळणं घेतली. तिसऱ्या वळणावर खट्ट आवाज झाला आणि सगळं काळं. मग वास आला. जळालेल्या तारेचा. मामाच्या दुकानात लहानपणापासून घेतलेला तो वास ओळखायला मला वेळ लागला नाही.

बाबा काही ओरडले नाहीत. खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "काय जळालं?"

"डबा, भाऊजी," पाटावरून उठत मामा म्हणाला. "अन् तो मी निवडला. पोरीनं जडवाला काढला होता, मीच म्हटलं काय फरक पडते, फुकटचा लाव. तिची जोडणी चोख आहे. पाहा, एक पेच हलत नाही. डबा बदलला की चालते."

बाबा त्याच्याकडे पाहतच राहिले. "तीस वर्षं विजेचं काम करून तुम्ही हे केलं, साळेबुवा?"

"होते कधी कधी," मामा म्हणाला.

"मग यात तिची चूक धरता येत नाही. बदला."

आणि मी? माझी ती जीभ, जी कधी कोणासमोर थांबली नाही, ती नेमकी तेव्हा टाळूला चिकटून बसली.  मामाच्या कपाळावर ओलं कुंकू होतं आणि तो आईच्या हातची करंजी खात होता.

दिवाळी संपल्यावर दुकानदाराने कार्ड बदलून दिलं. एका पंख्याचं घेतलं, जड डबा घेतला. मशीन पळू लागली, गरमही होईना. जळालेला डबा मामाने दुकानात उघडून दाखवला. आत केसासारखी तार आणि बरीचशी रिकामी जागा. मी त्या डब्याला शिवी दिली तर म्हणाला, "त्याले नको बोलू. त्याची जेवढी ताकद होती तेवढा तो चालला." माझ्या वागण्याबद्दल एक शब्द नाही. मी थँक्यू म्हटलं तर त्याने ऐकूच न आल्यासारखं केलं.

आठ दिवस मी मजेत होते. खोटं काहून बोलू? अगदी मजेत होते.

मग सोसायटीच्या बोअरची मोटर जळाली. जेवताना बाबा आईला म्हणाले, "दुसऱ्या मिस्त्रीकडे पाठवून राहिलो. तुझ्या भावाकडे द्यायची होती, पण साठ घरांच्या पाण्याचा प्रश्न आहे. ज्याला साधा डबा निवडता येत नाही, त्याच्या भरवशावर कसं सोडायचं? आणि कमिटीतही मी सांगितलं तसं. कोणी नंतर मला बोलायला नको."

आईचा घास हातातच राहिला. भावाबद्दल असं ऐकायची तिला सवय नव्हती. तिने तो परत ताटात ठेवला. कमिटीत सांगितलं. म्हणजे आता विजय नगरभर बोभाटा होणार. तीस वर्षांत एक मोटर परत आली नाही त्या माणसाचं, माझ्या एका हट्टापायी.

"बाबा, तो डबा मामाने नव्हता निवडला," मी म्हटलं. "मी निवडला. त्याने मला हातात वजन देऊन दाखवलं होतं की हा जळेल. मी दुकानात सगळ्यांसमोर त्याला हसले."

बाबांनी ताटातलं संपवलं. हात धुतले. मग माझ्या खोलीत जाऊन एकेक वायर स्वतः काढली, ती नीट गुंडाळली आणि मशीन उचलून कपाटावर ठेवली. "क्लास सोमवारपासून आहे. सकाळी सात वाजता," एवढंच म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी मामाला फोन लावला. "साळेबुवा, मोटर तुमच्याकडे येऊन राहिली. आणि माफ करा. कमिटीत मी चुकीचं बोललो, तिथे जाऊन दुरुस्त करतो." दिलेला शब्द आणि झालेली चूक, दोन्ही गोष्टी बाबांनी एका संध्याकाळी निपटल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता. नाही आला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून मी सरळ कांचघरला गेले. मनात होतं, मामा पाठीवर हात ठेवेल, शाबास म्हणेल. सोसायटीची मोटर दुकानात येऊन पडली होती. मामा तिच्यापाशी बसला होता. मला पाहून उठलाही नाही. त्याला इतकं चिडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"कोणी सांगितलं होतं तुले सांगायले?" तो ओरडला. समोरच्या चहावाल्याने वळून पाहिलं. "आता क्लासला जाशीन? इलेक्ट्रॉनिक्स राहिलं न?"

"मामा, लोक तुला नावं ठेवून राहिले होते..."

"ठेवू दे न!" त्याचा आवाज फाटला. हातातला पेचकस त्याने खाली टाकला. "माझं नाव तीस वर्षांचं आहे वं. एक मोटर जळाली म्हटलं तरी मले पुरून उरते. तुझं तर त्या दिवशी सुरू झालं होतं. बापानं वा म्हटलं होतं तुले. ते काहून हातचं घालवलं?"